‘मामा, गाडी चलना’: फोंड्यातल्या एका रिमोट गाडीचं प्रकरण

फोंड्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, विहिरीचे पंप, कधीतरी एखादी ग्राइंडर. बहीण म्हार्दोळच्या बाजूला राहते, स्कूटरने पंधरा मिनिटं. तिचा मुलगा हे सगळं सुरू झालं तेव्हा पाच वर्षांचा होता, आता सात पूर्ण झालीत. या काळात त्याच्या हाताखालून तीन रिमोट गाड्या गेल्या. तिसऱ्या गाडीपासून मी दुकानातल्या जुन्या वहीत नोंदी ठेवल्या: तारीख, काय मोडलं, का मोडलं. पंपांसाठी ठेवतो तशाच. लहान मुलाला टिकणारी गाडी कोणती घ्यावी, असं गिऱ्हाइकं अधूनमधून विचारतात. उत्तर देण्याऐवजी ही वहीच उघडून दाखवावी, असं हल्ली वाटतं.

नऊ दिवसांची गाडी

पहिली गाडी माघातल्या एका जत्रेत घेतली. मोठाली चाकं, लाल बॉडी, बाजूला ज्वाळांची चित्रं, किंमत साडेचारशे. गाडीत तीन पेन्सिल सेल, रिमोटमध्ये दोन. दहाव्या दिवशी भाचा ती पोटाशी धरून दुकानात आला. "मामा, गाडी चलना." (‘चलना’ म्हणजे चालत नाही. घरात आम्ही कोकणीच बोलतो, लिहिणं-वाचणं मराठीत. तेव्हा वही मराठीत आहे आणि भांडणं कोकणीत झाली, असं धरून चाला.)

उघडून बघितली. मोटर ठणठणीत होती. तिच्या दांड्यावर दाबून बसवलेलं प्लास्टिकचं इवलंसं दातेचक्र, म्हणजे पिनियन, उभं चिरलं होतं. मोटर गरगर फिरायची आणि पिनियन जागच्या जागी. भाग दोन रुपयांचाही नसेल, पण त्या मापाचा दुसरा मिळणार कुठे? सगळं डोकं एकाच छोट्या बोर्डावर, चिपवर डांबरासारखा काळा थेंब. रिमोटचा इशारा पकडणारा रिसिव्हर वेगळा नाही, स्टिअरिंगची यंत्रणा वेगळी नाही. एक गेलं की सगळं गेलं. चिकटवून दिलं, ते आणखी दोन दिवस चाललं.

मला जास्त खटकलं ते दुसरंच. त्या गाडीचं स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे वळायचं, नाहीतर पूर्ण उजवीकडे. वेगाचंही तसंच, थांबलेली किंवा सुसाट. अशा गाडीवर पोर चालवायला शिकत नाही, आपटायला शिकतं. त्यात शेजारच्या मुलाचीही 27 मेगाहर्ट्झवालीच निघाली. त्याने बटण दाबलं की आमची वळायची. दोघांत दोन दिवस मारामारी, आणि दोष दोघांचाही नव्हता. 2.4 गिगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये ही भानगड येत नाही, तिथे प्रत्येक रिमोटची आपापल्या रिसिव्हरशी जोडी लावलेली असते.

खोक्यावर आयएसआयची खूण नव्हती. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश 2020 चा, अंमल 1 जानेवारी 2021 पासून; विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस 15644 हे मानक लागतं. जत्रेत हे कोण बघतो? मीही बघितलं नव्हतं. सेलचं झाकण स्क्रूविना नखाने उघडत होतं, हे मात्र बहिणीने पहिल्याच दिवशी हेरलं होतं, कारण घरात दीड वर्षाची धाकटी रांगत होती. सेल पेन्सिलचे होते म्हणून निभावलं. बटण सेल असते आणि तिने एखादा गिळला असता, तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजायला लागते.

बोटीवरून आलेली गाडी

बहिणीचे यजमान तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला. एप्रिलमध्ये सुट्टीवर आले ते खोकं घेऊनच. 1:14 मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्शाची, ब्रशलेस म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरची, लिथियम पॉलिमर बॅटरीची गाडी. खोक्यावर वय 14 वर्षांपुढे. मुलासाठी आणली म्हणाले, पण डोळ्यांतली चमक कोणाची होती ते सगळ्यांनी पाहिलं.

गाडी उत्तम होती, खोटं कशाला बोलू. पण अशी गाडी अंगणात पन्नासच्या आसपास वेग घेते आणि आमचं अंगण तुळशीपासून गडग्यापर्यंत अठरा पावलं. तिसऱ्या दिवशी भाच्याने ट्रिगर पूर्ण ओढला आणि ती चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. पुढचा डावा सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, तुटला, स्टिअरिंगची दांडी वाकली. बायका-मुलांपैकी कोणाच्या घोट्यावर बसली नाही ही देवाची कृपा.

इथे थोडं गणित. वेग तिप्पट केला तर आपटण्यातली ऊर्जा तिप्पट होत नाही, नऊपट होते. दीड किलोची गाडी ताशी 15 किलोमीटरने आदळली तर साधारण 13 ज्यूल. 45 ने आदळली तर 117. घट्ट प्लास्टिक, अॅल्युमिनियमचे भाग, भारी शॉक अॅब्सॉर्बर यांवर लोक हजारो रुपये घालतात. वेग एक तृतीयांश करणं फुकट असतं आणि त्या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. लहान मुलासाठी गाडी मजबूत हवी, हा विचार मी तिथे सोडून दिला. गाडी मंद हवी आणि दुरुस्त होणारी हवी.

तो आर्म आजतागायत मिळालेला नाही. ज्या बंदरात गाडी घेतली तिथे मिळतो म्हणे. बाहेरून आणलेली गाडी स्वस्त पडते, कारण इथे खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. पण गाडी एकदा येते आणि सुटे भाग दर दोन महिन्यांनी लागतात. ती अजून कपाटावर आहे. मेव्हण्यांसमोर विषय काढत नाही.

निवड

पावसाळा गेला. ऑक्टोबरमध्ये भाचा सहाचा झाला तेव्हा तिसरी घ्यायचं ठरलं. या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली: आधी सुट्या भागांची यादी पाहिली, मग गाडी. पुढचा आर्म, मागचा आर्म, मोठं दातेचक्र म्हणजे स्पर गियर, ड्राइव्ह शाफ्ट, स्टिअरिंगचा सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, आणि मुख्य मोटर. हे सहा भाग भारतातल्या दुकानात तयार आहेत का? नसतील तर गाडी कितीही देखणी असो, पुढचं पान. दुसरी अट, रिसिव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर आणि सर्व्हो तीन वेगळे हवेत. सर्व्होला तीन वायरी असल्या तर कुठल्याही कंपनीचा त्याच मापाचा बसतो; पाच वायरी निघाल्या की त्याच बोर्डाच्या पाठी लागावं लागतं. तिसरी अट, रिमोटवर वेग मर्यादित करायची सोय. ट्रॅक्सस कंपनीच्या एक्सएल-5 कंट्रोलरमध्ये ट्रेनिंग मोड आहे, त्यात वेग निम्म्यावर येतो. काही रिमोटांवर नुसता एक खटका असतो, तोही पुरतो.

टामिया या जपानी कंपनीच्या किटचा मोह बराच झाला. त्यांची ग्रासहॉपर 1984 ची, 2005 मध्ये पुन्हा काढली. इतक्या जुन्या गाडीचे भाग मिळतात म्हणजे कंपनीची दानत कळते. पण किट जुळवायला हवं आणि भाच्याच्या धीराची मुदत त्या काळात चार स्क्रूंची होती. रॉक क्रॉलर ही दुसरी सूचना. चालत्या माणसाच्या वेगाने जाते, चिऱ्यावर, फणसाच्या मुळांवर चढते, मोडत फारशी नाही. अजूनही मला वाटतं की पाच-सहा वर्षांच्या मुलाला क्रॉलरच द्यावी. भाच्याने चित्र बघितलं आणि म्हणाला, "ही म्हातारी." संपलं.

शेवटी घेतली 1:16 मापाची, चारही चाकांवर जोर असणारी, ब्रशची मोटर असलेली ट्रक. साडेनऊ हजार. तिच्याबरोबरच पुढच्या आर्मच्या दोन जोड्या, दोन स्पर गियर, एक सर्व्हो, एक मोटर. बहिणीने बिल बघून विचारलं, "दादा, गाडी अजून खोक्यात आहे आणि तू मोडायची तयारी करतोस?" हिच्याही खोक्यावर 14 वर्षांपुढेच लिहिलेलं. तेव्हा सहा वर्षांच्या हातात ती देताना जबाबदारी मोठ्या माणसाची, हे लक्षात ठेवून नियम घातला: गाडी चालवताना एक मोठा माणूस जवळ, चार्जिंग फक्त माझ्याकडे, स्क्रू फक्त दुकानातल्या टेबलावर, धाकटी तिथे नसताना.

चालवायला शिकवणं त्या मानाने सोपं गेलं. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तिथेच सगळी पोरं आपटतात. दोन करवंट्या पालथ्या ठेवल्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायला लावला. सुरुवातीला तो स्वतःच गाडीच्या दिशेने पाठ फिरवून मान वळवून बघायचा. तसं बघू दिलं. पंधरा दिवसांत मान सरळ झाली. वेगाचा खटका अजूनही निम्म्यावर आहे. खटका कुठे आहे ते त्याला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे.

वहीत काय निघालं

14 महिन्यांत 17 नोंदी. मला वाटलं होतं की निम्म्याहून जास्त आपटण्याच्या असतील. आपटण्याच्या निघाल्या 4: पुढचा आर्म दोनदा, बॉडी धरणारा खांब एकदा, चाकाचा नट एकदा. झिजून गेलेल्या 2. वाळू, केस, काडीकचरा यांच्या 4. पाण्याच्या 3. उरलेल्या 4 आम्हा मोठ्यांच्या.

मोठ्यांच्या आधी सांगतो, कारण त्यात सगळ्यात महाग नोंद आहे आणि ती माझी आहे. स्पीड कंट्रोलरवर एक छोटा जंपर, म्हणजे काढून बसवायची खूणपट्टी, असतो: बॅटरी लिथियमची की निकेल मेटल हायड्राइडची. लिथियमचा सेल 4.2 व्होल्टला भरतो आणि 3 च्या खाली जाता कामा नये. जंपर लिथियमवर असला तर त्याच्याआधीच कंट्रोलर गाडी थांबवतो. आमचा निकेलवर होता. आयुष्यभर व्होल्टमीटर हातात धरणाऱ्या माणसाने तो बघितला नाही. वर बॅटरी रात्रभर गाडीतच जोडलेली राहिली. सकाळी दोन सेलचे मिळून 4.9 व्होल्ट, आणि पाकीट पुरीसारखं फुगलेलं. पुन्हा भरून बघावी असा विचार अशा वेळी मनात येतो. तो करायचा नाही, त्यातूनच आगी लागतात. बाहेर मोकळ्या चिऱ्यावर ठेवली, टोकांना टेप लावली आणि दुकानाच्या ई-कचऱ्याबरोबर दिली. त्यानंतर भाच्याच्या गाडीत निकेल मेटल हायड्राइडच. 6 सेल, 7.2 व्होल्ट. जड आहे, थोडी हळू आहे, चुका सोसते. मुलाच्या गाडीला तीन्ही गुणच.

दुसरी नोंदही माझी. मोटर बदलताना पिनियन आणि स्पर गियर फार जवळ बसवले. आवाज बारीक किंचाळल्यासारखा येत होता, मी म्हटलं नवीन आहे, बसेल. दोन बॅटऱ्यांत स्पर गियरचे दात सपाट. वर्तमानपत्राची एक पट्टी दोन चक्रांमध्ये घालायची, दाबून स्क्रू आवळायचे, मग चक्र फिरवून पट्टी बाहेर काढायची. तेवढी फट बरोबर असते. तिसरी नोंद मेव्हण्यांची: प्लास्टिकमधला स्क्रू ताकद लावून आवळला आणि भोकाचे आटे गेले. अशा स्क्रूला आधी उलटा फिरवावा, टक् असा जुन्या आट्यात पडला की मग सुलटा, आणि अडला की थांबावं.

चौथी आईची. चवथीला गाडी आजोळी होती. चाकं कुरकुरतात म्हणून आईने बेअरिंगांत खोबरेल घातलं, अगदी मायेने. खोबरेलाचा चिकटा होतो आणि त्याला लाल माती धरते. आठ दिवसांत बेअरिंगांत चक्क काव तयार झाली. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, तोही पुसून. आईला हे सांगायची हिंमत घरात कोणाची झालेली नाही.

मिरामारची संध्याकाळ

पाण्याच्या तीन नोंदींतल्या दोन किरकोळ. तिसरी मे महिन्यातली. सगळे मिरामारला गेले होते, मी नव्हतो. ओहोटीच्या वेळी ओली वाळू डांबरासारखी घट्ट असते, गाडी तिथे सुरेख पळते. मग एक लाट आली. गाडी चालूच राहिली, खोक्यावर "वॉटरप्रूफ" लिहिलेलं, म्हणून सगळे हसले. घरी आल्यावर वाळू झटकली आणि गाडी पिशवीत घातली. माझ्याकडे आली पाच दिवसांनी.

वॉटरप्रूफ असतो तो फार तर रिसिव्हर आणि कंट्रोलर. मोटर नसते, बेअरिंगं नसतात, आणि ते लेबल गोड्या पाण्याला धरून असतं. समुद्राचं पाणी सुकतं पण मीठ आत राहतं, आणि मीठ आमच्या दमट हवेतलं पाणी परत ओढून घेतं. म्हणजे गाडी पिशवीत असतानाही रोज भिजत होती. चाकांची आठ बेअरिंगं गंजून दगड झालेली, सर्व्हो गेलेला, बॅटरीच्या कनेक्टरवर तांब्याचा हिरवा थर. मोटर उघडली तर लोहचुंबकावर काळ्या कणांची मिशी. आमच्या वाळूत ते काळे कण असतातच, लहानपणी आम्ही लोहचुंबक दोऱ्याला बांधून तेच गोळा करायचो. मोटर म्हणजे दोन लोहचुंबकांची डबी, ती दुसरं काय करणार? मिक्सरचे कार्बन बदलता येतात, या डबीबंद मोटरचे नाही. उचलून नवीन लावली.

त्याच संध्याकाळी बॅटरी काढून गाडी नळाखाली गोड्या पाण्याने धुतली असती, झटकून पंख्याखाली रात्रभर ठेवली असती आणि सकाळी बेअरिंगांना तेल दिलं असतं, तर बहुतेक सगळं वाचलं असतं. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवायचं, हे ऐकून बहीण म्हणाली, "भिजलेल्या यंत्राला आणखी भिजवायचं, हे मला कसं सुचावं?" बरोबर आहे तिचं. आता समुद्रावर गाडी न्यायची नाही असा नियम आहे. कापणी झाल्यावर शेतं मोकळी असतात, मेरेच्या कडेने धावपट्टी मिळते. तिथे फक्त गवताच्या काड्या चाकांच्या दांड्यांना गुंडाळतात, त्या चिमट्याने निघतात.

जून ते सप्टेंबर गाडी बहुतेक बंद असते. माझ्याकडे वॉर्निश मारलेलं वाइंडिंग सुकवायची बल्बची पेटी आहे, त्यात आठवड्यातून एकदा गाडी तासभर, एकच बल्ब लावून. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. बॅटरी मात्र वेगळीच.

भाच्याचं काम

गाडी थांबली की बॅटरी काढणं हे त्याचं, न सांगता. मग जुन्या टूथब्रशने माती झाडायची, चारही चाकांचे नट मोजायचे आणि गाडी उलटी धरून चाकं हाताने फिरवून कान लावायचा. हे शेवटचं मी गंमत म्हणून शिकवलं होतं. जानेवारीत एकदा तो म्हणाला, मागे करकर येतंय. मी ऐकलं, मला काही आलं नाही. दुकानात दिवसभर ग्राइंडर ऐकलेला कान. तरी उघडली. स्पर गियरच्या दोन दातांमध्ये तांदळाएवढा चिऱ्याचा खडा. आणखी एक बॅटरी चालवली असती तर गियर गेला असता. तेव्हापासून त्याने करकर म्हटलं की गाडी उघडतो. दहातल्या चार वेळा आत काहीच नसतं.

एक सवय लावायला फार वेळ लागला. गाडी गवतात किंवा दगडात अडकली की मुलं ट्रिगर आणखी जोराने ओढतात. अडकलेली मोटर फिरत नाही पण करंट पूर्ण खाते आणि अर्ध्या मिनिटात तापते. वहीतली झिजण्याची एक नोंद या सवयीमुळेच असावी, अशी मला शंका आहे. आता तो ट्रिगर सोडून धावत जातो आणि उचलतो. गाडी चालवताना त्याचा व्यायाम होतो तो एवढाच.

गेल्या आठवड्यात मी पंपाच्या कामाला कवळ्याला गेलो होतो. परत आलो तर वही टेबलावर उघडी. दुसरीतली अक्षरं, ओळ सोडून खाली घसरलेली. नोंद 18. काय मोडलं: "फुडचा स्क्रू." का मोडलं, या रकान्यात एकच शब्द: "मामा."

तपासलं. खरं आहे, मीच जास्त आवळला होता.